ब्लॅक मेटल ऐकण्यासाठी त्याचा इतिहास माहीत असावा लागतो का?

एका तरुण श्रोत्याला ब्लॅक मेटल या हेवी मेटलच्या कर्कश, काळोख्या शाखेतले, नॉर्वेच्या डार्कथ्रोन या बँडचा ‘ट्रान्सिल्व्हेनियन हंगर’ आणि तिथल्याच बुर्झुमचा ‘फिलोसोफेम’ हे दोन अल्बम योगायोगाने ऐकायला मिळाले आणि ते त्याला मनापासून आवडले. तेव्हापासून त्याचे मित्र त्याला ऐकवत आहेत की, नॉर्वेतील चर्चची जाळपोळ, खून आणि त्या काळातील माणसे ठाऊक नसतील तर हे संगीत कळले असे म्हणताच येणार नाही. त्याने थोडे वाचून पाहिले, पण त्याने आनंद वाढण्याऐवजी तो गोंधळूनच गेला. इतिहास वाचावा की नुसते ऐकत राहावे, असा त्याचा प्रश्न आहे.

ध्वनिमुद्रण आणि मिक्सिंग हा माझा व्यवसाय आहे आणि त्यात मेटल बँडचे काम बरेच येते, त्यामुळे माझे उत्तर कानाच्या बाजूने असेल. आवडण्यासाठी इतिहासाची काहीही गरज नाही. मात्र जे आवडले त्यात नेमके काय चालले आहे हे उमगण्यासाठी इतिहासाचा फार उपयोग होतो. अडचण एवढीच की, मित्र ज्याला इतिहास म्हणत आहेत तो या कामाचा नाही. त्यांना गुन्ह्यांची हकीकत अभिप्रेत आहे. ऐकणाऱ्याच्या उपयोगी पडते ती या लोकांनी वाद्ये, यंत्रे आणि स्वर यांबाबत घेतलेल्या निर्णयांची हकीकत.

आधी काहीही माहीत नसताना कानाला काय मिळते ते पाहू. ‘ट्रान्सिल्व्हेनियन हंगर’चे शीर्षकगीत सुमारे सहा मिनिटांचे आहे आणि त्यात ड्रमचा ठेका सुरुवातीपासून अखेरपर्यंत जवळपास बदलत नाही. गिटार अखंड पिकिंगने, म्हणजे तारा न थांबता भराभर छेडत, वाजत राहते. तळहाताने तारा दाबून आवाज बुजवण्याची जी सवय मेटलमध्ये सर्रास आढळते, ती इथे नाही. ठेका इतका अचल असल्यामुळे थोड्या वेळाने कान त्याला लय म्हणून मोजणे सोडून देतो, तो खाली पसरलेला एक सलग थर होऊन जातो, आणि मग गिटारचा सूर नुसता एका पडद्याने सरकला तरी काहीतरी मोठे घडल्यासारखे वाटते. हा अनुभव घेण्यासाठी नॉर्वे नकाशावर कुठे आहे हेसुद्धा ठाऊक असण्याची गरज नाही. या श्रोत्याला अल्बम आवडला तो याच कारणाने, आणि ते कारण पूर्ण आहे.

पण याच ठिकाणी एक गैरसमज दबा धरून असतो, आणि तो माझ्या व्यवसायातले लोकही करतात. पहिल्यांदा ऐकणारा म्हणतो, ‘गाणे चांगले आहे, रेकॉर्डिंग मात्र वाईट आहे, बिचाऱ्यांकडे पैसे नसतील.’ इथे डार्कथ्रोनचा आधीचा प्रवास माहीत असला की ऐकणेच बदलते. या बँडचा पहिला अल्बम ‘सोलसाइड जर्नी’ १९९१ मध्ये ब्रिटनमधील पीसव्हिल या कंपनीने काढला, आणि तो स्टॉकहोममधील सनलाइट स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला होता. स्वीडिश डेथ मेटलचा (मेटलची जड, घोगऱ्या गायनाची दुसरी शाखा) जाडजूड, करवतीसारखा गिटार-आवाज जिथे घडला तीच ही जागा. तो अल्बम तांत्रिकदृष्ट्या अवघड डेथ मेटल आहे; ठेके सारखे बदलतात, रिफ, म्हणजे गिटारचे पुन्हा पुन्हा येणारे तुकडे, गुंतागुंतीचे आहेत आणि वाजवणारे तरुण तयारीचे आहेत. म्हणजे चांगला स्टुडिओ, चांगली कंपनी आणि हातातील कसब हे तिन्ही त्यांच्याजवळ होते.

आणि त्यांनी ते सोडून दिले. पुढचा अल्बम ‘अ ब्लेझ इन द नॉर्दर्न स्काय’ त्यांनी आपल्या कोल्बोत्न या गावी ध्वनिमुद्रित केला. तो हाती आल्यावर पीसव्हिलचे लोक हादरले, नव्याने मिक्सिंग करावे असे त्यांचे म्हणणे पडले, आणि बँडने ते साफ नाकारून अल्बम दुसरीकडून काढण्याची तयारी दाखवली. शेवटी १९९२ मध्ये पीसव्हिलने तो होता तसाच प्रसिद्ध केला. नीट ऐकले तर त्यातल्या काही गाण्यांत डेथ मेटलचे जड, पायऱ्यापायऱ्यांचे रिफ अजून शिल्लक दिसतात, कारण ती आधीच्या काळात रचलेली आहेत, आणि अधूनमधून ती मोडून नवा थंड, उघडा आवाज वर येतो. एकाच अल्बममध्ये एक बँड आपले मत बदलताना ऐकू येतो. हे ज्याला ठाऊक नाही त्याला हा अल्बम नुसता विस्कळीत वाटण्याची शक्यता आहे. १९९४ च्या ‘ट्रान्सिल्व्हेनियन हंगर’पर्यंत तो बदल पूर्ण झाला होता; त्यातली सगळी वाद्ये बँडच्या फेनरिझने एकट्याने चार ट्रॅकच्या साध्या यंत्रावर ध्वनिमुद्रित केली आणि त्याचा साथीदार नॉक्टर्नो कुल्टो याने त्यावर आवाज दिला. चार ट्रॅकवर काम करणाऱ्या माणसाला काय वगळायचे हे आधीच ठरवावे लागते, आणि त्या अल्बमची सारी रचना त्या वगळण्यावर उभी आहे.

‘फिलोसोफेम’चेही तेच. बुर्झुम म्हणजे एकटा वर्ग विकर्नेस; त्याच्याच सांगण्यानुसार त्याने गिटार गिटारच्या अॅम्प्लिफायरमधून न वाजवता घरगुती स्टिरिओच्या अॅम्प्लिफायरमधून वाजवली, आणि आवाजासाठी स्टुडिओतला सर्वांत वाईट मायक्रोफोन मागितला, तेव्हा त्याला हेडसेटचा मायक्रोफोन देण्यात आला. माझ्यासारख्याला हे ऐकून पहिल्यांदा कपाळाला आठ्या पडतात. पण त्या अल्बममध्ये आवाज गिटारच्याच पट्ट्यात, तितकाच खरखरीत येऊन बसतो आणि दोन्ही एकाच धुक्यातून आल्यासारखे वाटतात. महागड्या मायक्रोफोनवर घेतलेला स्वच्छ आवाज तिथे उपरा ठरला असता.

गिटारच्या वादनातला निर्णय याहून महत्त्वाचा आहे, आणि त्याबद्दल फारसे कुणी बोलत नाही. मेटलमध्ये बहुतेक वेळा मूळ स्वर आणि पंचम एवढेच घेऊन वाजवतात, कारण हे दोन स्वर डिस्टॉर्शनमध्येही (गिटारचा आवाज मुद्दाम फाडून खरखरीत करण्याच्या प्रक्रियेतही) घट्ट आणि स्वच्छ राहतात. त्यात कोमल गंधार मिसळला की डिस्टॉर्शन त्या स्वरांच्या बेरीज-वजाबाकीतून नवे, बेसूर भासणारे नाद निर्माण करते, म्हणून वादक ते टाळतात. नॉर्वेच्या मेहेम या बँडचा गिटारवादक युरोनिमस आणि थॉर्न्स या बँडचा स्नोरे रुख यांनी नेमके तेच हाताशी धरले: संपूर्ण मायनर कॉर्ड किंवा त्याचे सुटे स्वर, वरच्या तारांवर, अखंड पिकिंगने, तारा मोकळ्या वाजू देत. थॉर्न्सची १९९१ ची ‘ग्रिमिर्क’ ही कॅसेट त्या मंडळींत हातोहात फिरली आणि फेनरिझने या शैलीचे श्रेय उघडपणे या दोघांना दिले आहे. आज जगभर ज्याला ब्लॅक मेटलचा सूर म्हणून ओळखतात, त्याचा मोठा भाग या एका वादनपद्धतीत आहे. हे कळल्यावर ऐकणाऱ्याचे लक्ष किंकाळ्यांवरून उठून गिटारच्या आतल्या स्वरावर जाते, आणि माझ्या मते खरा आनंद तिथेच सुरू होतो.

हे सगळे हवेतून आले नव्हते. ‘ब्लॅक मेटल’ हे नाव न्यूकॅसलच्या व्हेनम या बँडच्या १९८२ मधील अल्बमचे. त्यानंतर स्वित्झर्लंडचे हेलहॅमर आणि सेल्टिक फ्रॉस्ट, डेन्मार्कचा मर्सिफुल फेट, ब्राझीलचा सार्कोफागो, आणि सर्वांत महत्त्वाचा म्हणजे स्टॉकहोमच्या क्वॉर्थनचा बाथरी, ज्याचे सुरुवातीचे अल्बम गॅरेजचे रूपांतर केलेल्या छोट्याशा स्टुडिओत झाले. १९९० च्या सुमारास हे सारे मागे पडले होते. फ्लोरिडातील टॅम्पाच्या मॉरिसाउंड स्टुडिओतून आणि स्टॉकहोमच्या सनलाइटमधून सफाईदार डेथ मेटल बाहेर पडत होते आणि मेटलच्या दुकानांत त्याचीच चलती होती. ओस्लोत युरोनिमसचे ‘हेल्व्हेटे’ हे दुकान १९९१ मध्ये सुरू झाले. त्याच्याभोवती जमलेली ही पोरे एक जुना, गबाळा मानला गेलेला आवाज उकरून काढून ‘खरे हेच’ असे म्हणत होती. म्हणजे नॉर्वेचे ब्लॅक मेटल हा मुळातच इतिहासाबद्दलचा एक वाद होता, आणि तो रेकॉर्ड गोळा करणाऱ्या, जुन्या अल्बमची पारायणे केलेल्या तरुणांनी घातला होता. वाद कोणाशी होता हे ठाऊक असेल तर त्याचा आवाज अधिक स्पष्ट ऐकू येतो. नसेल तरी तो ऐकू येतोच.

आपल्याकडे कुमार गंधर्वांच्या गाण्याबाबत असेच घडते. त्यांना क्षयाने गाठले, एक फुप्फुस निकामी झाले, देवासला कित्येक वर्षे न गाता काढावी लागली, हे बहुतेक रसिकांना ठाऊक असते, आणि मग त्यांच्या छोट्या छोट्या, मध्येच तुटल्यासारख्या स्वरवाक्यांचे सारे स्पष्टीकरण त्या फुप्फुसाच्या माथी मारले जाते. ते सर्वस्वी खोटे आहे असे नाही. परंतु देवधर मास्तरांच्या तालमीत तयार झालेला आणि माळव्याच्या लोकधुना कान देऊन ऐकणारा माणूस तो सूर तसा का लावतो, याचा विचार त्या आजाराच्या कथेमुळे करावासाच वाटत नाही. चरित्रातली नाट्यमय घटना कानाला आळशी बनवते.

ब्लॅक मेटलमधली नाट्यमय घटना तर याहून कितीतरी भडक आहे. ती थोडक्यात सांगतो, म्हणजे मित्रांनी काही हातचे राखून ठेवले आहे असे वाटायला नको. मेहेमचा स्वीडिश गायक डेड याने एप्रिल १९९१ मध्ये आत्महत्या केली. जून १९९२ मध्ये बर्गनजवळचे फान्टोफ्टचे लाकडी चर्च जळाले आणि त्यानंतर आणखी चर्चना आगी लावल्या गेल्या. त्याच वर्षी एम्परर या बँडच्या ड्रमरने लिलेहामर येथे एका माणसाचा खून केला. १० ऑगस्ट १९९३ रोजी विकर्नेसने ओस्लोत युरोनिमसचा खून केला आणि पुढच्या वर्षी त्याला २१ वर्षांची शिक्षा झाली. ब्रिटिश संगीत-नियतकालिकांनी ही हकीकत मुखपृष्ठावर छापली, तिच्यावर पुस्तके निघाली, चित्रपट निघाला, आणि आज अनेकांना संगीताआधी तीच भेटते.

तिने ऐकण्यात काय फरक पडतो? मेहेमचा ‘दे मिस्टेरीस डोम सथानास’ हा १९९४ चा अल्बम घ्या. त्यात गिटार युरोनिमसची आहे आणि बेस विकर्नेसची. म्हणजे मारला गेलेला आणि मारणारा एकाच ध्वनिमुद्रणात शेजारी शेजारी वाजत आहेत. युरोनिमसच्या आईवडिलांनी तो बेस काढून टाकावा अशी विनंती केली होती, मेहेमचा ड्रमर हेलहॅमर (वरच्या स्विस बँडशी फक्त नाव सारखे) याने होकार भरला, आणि प्रत्यक्षात तो ट्रॅक राहिला. हे कळल्यावर अंगावर काटा येतो, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण हेडफोन लावून बेस शोधू लागलात तर तो गिटारच्या आणि ड्रमच्या गर्दीत फारच मागे आहे असे आढळेल. काटा कथेने आणला. ध्वनीने आणलेला नाही, हे ओळखता आले पाहिजे. त्या अल्बममध्ये ध्वनीने घडवलेल्या गोष्टी दुसऱ्याच आहेत: बर्गनच्या ग्रीगहॉलेन या संगीत-सभागृहाच्या वास्तूत पिटन या ध्वनितंत्रज्ञाने घेतलेले मोकळे, खोल ड्रम, आणि हंगेरीहून आलेल्या अत्तिला चिहारचे धर्मविधीतल्या पुरोहितासारखे घशातून घुमणारे पठण. ‘फ्रीझिंग मून’ हे गाणे डेडच्या आवाजात ‘लाइव्ह इन लाइप्झिग’ या मैफिलीच्या ध्वनिमुद्रणात आहे. ते ऐकून मग अत्तिलाचे ऐका. शब्द डेडचेच, पण एक माणूस ते भोगल्यासारखे ओरडतो आणि दुसरा ते मंत्रासारखे उच्चारतो. डेडचा शेवट ठाऊक असला तर पहिले ऐकणे अधिक जड होते, आणि इथे मात्र ती माहिती गाण्याशी जोडलेली आहे, कारण मृत्यूविषयीचे ते शब्द त्यानेच लिहिले आहेत. त्याच्या मृतदेहाचे छायाचित्र मुखपृष्ठावर छापलेला एक चोरटा अल्बमही फिरत असतो. तो शोधण्यात संगीत म्हणून मिळण्यासारखे काही नाही आणि मी तो कुणालाही सुचवणार नाही.

दंतकथांचा दुसरा तोटा असा की, त्या कानाला चुकीची माहिती देतात. नॉर्वेच्याच उल्व्हर या बँडच्या १९९७ मधील ‘नाटेन्स माद्रिगाल’बद्दल वर्षानुवर्षे सांगितले जाते की, बँडने कंपनीचे पैसे कपडे आणि मोटारीवर उधळले आणि अल्बम जंगलात जाऊन ध्वनिमुद्रित केला. बँडच्या लोकांनीच ही कथा पुढे खोडून काढली. तरीही श्रोते त्यात झाडांची सळसळ शोधत बसतात. याच बँडने १९९५ मध्ये ‘बेर्गटाट’वर स्वच्छ, कोरसासारखे गायन वापरले होते आणि १९९६ मध्ये संपूर्णपणे अकौस्टिक वाद्यांचा ‘क्वेल्ड्सांगर’ काढला होता, हे ध्यानात घेतले तर तिसऱ्या अल्बममधला कर्कशपणा त्यांनी का निवडला असेल, हा खरा रंजक प्रश्न समोर येतो.

नॉर्वेचा जो संदर्भ मला सर्वांत समृद्ध वाटतो तो गुन्ह्यांच्या बातम्यांत येतच नाही. ‘फिलोसोफेम’च्या मुखपृष्ठावर डोंगराळ प्रदेशात लांब लाकडी शिंग फुंकणारी मुलगी आहे. ते चित्र थिओडोर किटेल्सनचे, १९०० चे. नॉर्वेच्या लोककथांतले राक्षस, पाणवठ्यावरची भुते आणि प्लेगच्या साथीचे मूर्तरूप असलेली म्हातारी यांना चेहरा देणारा हा चित्रकार आहे आणि त्याची चित्रे तिथल्या मुलांच्या लहानपणाचा भाग असतात. बुर्झुमच्या ‘व्हिस लीसेट तार ओस’चे मुखपृष्ठही त्याचेच. ही चित्रे दहा मिनिटे पाहून मग तो अल्बम लावला, तर त्यातली संथ, गोल गोल फिरणारी धून भीतीपेक्षा विरहाची अधिक वाटू लागते, आणि माझ्या कानाला ती तशीच आहे.

चर्चचे काय, हा प्रश्न मराठी श्रोत्याने जरा वेगळ्या पद्धतीने स्वतःला विचारावा असे मला वाटते. नॉर्वेत लुथरन चर्च हे २०१२ च्या घटनादुरुस्तीपर्यंत राज्याचे अधिकृत चर्च होते. तिथल्या मुलांसाठी ते शाळा, शासन आणि शेजारपाजार यांच्याशी जोडलेले बहुसंख्याकांचे, स्वतःच्याच घरचे अधिष्ठान होते. म्हणून त्यांचे बंड, कितीही पोरकट किंवा हिंस्र असले तरी, आपल्याच छपराविरुद्ध होते. बाराव्या शतकातले लाकडी चर्च जाळणे हा माझ्या मते निव्वळ विध्वंस होता, आणि त्यात नॉर्वेच्या प्राचीन वारशाचा पुळका असणाऱ्यांनी नॉर्वेचाच वारसा जाळला. पण उलटा क्रूस छापलेला तोच टी-शर्ट मुंबई-पुण्यातल्या एखाद्या कार्यक्रमात घातला, तर तो वसईच्या किंवा गोव्याच्या एका अल्पसंख्य समाजाकडे रोखला जातो आणि आपल्या घरच्या कुठल्याही सत्तेला त्याने खरचटतही नाही. संदर्भ माहीत असण्याचा इथे प्रत्यक्ष उपयोग आहे. कोलकात्याच्या हीदन बीस्ट या बँडने हे ओळखले आणि आपला रोख इथल्याच धर्मकारणाकडे वळवला; ते आवडो न आवडो, ब्लॅक मेटलची वृत्ती त्यात अधिक खरी उतरते.

आता उरला तो भाग जो टाळता येत नाही. ‘ट्रान्सिल्व्हेनियन हंगर’च्या पहिल्या आवृत्तीच्या मलपृष्ठावर नॉर्वेजियन आणि ‘आर्य’ ब्लॅक मेटल असल्याची घोषणा होती, आणि सोबतच्या निवेदनात ज्यूविरोधी मजकूर होता. त्यावर गदारोळ झाला, बँडने माफी मागितली, घोषणा पुढच्या आवृत्त्यांतून गेली, आणि फेनरिझने नंतर त्या काळातल्या स्वतःच्या मूर्खपणाबद्दल खेद व्यक्त केला. विकर्नेसचे तसे नाही. तुरुंगातून सुटल्यावरही त्याने वंशवादी लेखन चालूच ठेवले आणि २०१४ मध्ये फ्रान्सच्या न्यायालयाने त्याला वांशिक द्वेष पसरवल्याबद्दल दोषी ठरवले. ‘फिलोसोफेम’च्या ध्वनीत यातले काही ऐकू येत नाही, आणि ते ऐकून आनंद झाला म्हणून कुणी अपराधी वाटून घ्यावे असे मला वाटत नाही. मात्र टी-शर्ट विकत घेणे, पैसे देणे, मित्रांत त्या माणसाचा उदोउदो करणे ही ऐकण्याच्या पलीकडची कृत्ये आहेत आणि ती डोळे उघडे ठेवून करावीत. काही बँडच्या बाबतीत तर द्वेष गाण्याच्या शब्दांतच असतो आणि संगीत त्याचा प्रचार म्हणूनच केलेले असते. तिथे अज्ञान हा बचाव होऊ शकत नाही, म्हणून अनोळखी बँड आवडला तर शब्द आणि कंपनी एकदा तपासून पाहावी.

तेव्हा माझे म्हणणे असे की, कोणताही अल्बम आधी काहीही न वाचता दोन-तीनदा ऐकावा, मग त्या बँडचे त्याच्या आधीचे आणि नंतरचे काम ऐकावे, मग ते ज्यांचे ऐकत होते त्यांचे. डार्कथ्रोनपासून मागे जायचे तर बाथरीचा १९८७ चा ‘अंडर द साइन ऑफ द ब्लॅक मार्क’ आणि सेल्टिक फ्रॉस्टचा १९८४ चा ‘मॉर्बिड टेल्स’ हे दोन पुरेत. चरित्रे आणि चित्रपट सर्वांत शेवटी, तेही इच्छा असेल तर. आणि नॉर्वेबाहेरचे ऐकणे लांबवू नये. ग्रीसच्या रॉटिंग क्राइस्टचा १९९३ चा ‘दाय मायटी कॉन्ट्रॅक्ट’ उबदार, लयदार आणि जवळपास नाचता येईल असा आहे. तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियातील मास्टर्स हॅमरच्या १९९१ मधील ‘रिच्युअल’ला तर फेनरिझ गमतीने पहिला नॉर्वेजियन ब्लॅक मेटल अल्बम म्हणतो, त्यात ऑर्केस्ट्रातले टिंपानी, म्हणजे मोठे नगारे, आहेत आणि गायन एखाद्या भेसूर ऑपेरासारखे आहे. या दोन्ही अल्बमना ना खुनाची कथा आहे ना जाळपोळीची, आणि ते आवडले की नाही हे सांगताना मित्रांनाही फक्त कानांवरच विसंबावे लागेल.